बंद खोक्यातला बाजार

दर काही वर्षांनी बाजारातून एक खेळणे उठते आणि मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते. कधी ती वेफर्सच्या पाकिटातून निघणारी टॅझोची चकती असते, कधी बेब्लेडचा भोवरा, तर कधी २०१७ साली शाळाशाळांतून गरगरणारे फिजेट स्पिनर. २०२५ साली हा मान 'लबूबू' नावाच्या केसाळ, टोकदार कानांच्या, दात विचकणाऱ्या बाहुलीने पटकावला. महानगरांतील मॉलपासून जिल्ह्याच्या गावातील भेटवस्तूंच्या दुकानापर्यंत ती, किंवा तिची नक्कल, जाऊन पोहोचली. मुलांच्या दप्तरांवर आणि महाविद्यालयीन तरुणींच्या पर्सवर ती लोंबकळू लागली. मग घराघरांत तोच जुना प्रश्न नव्याने उभा राहिला : हे घ्यायचे का?

प्रश्न हजार-दीड हजार रुपयांचा वाटतो. पण त्याचे उत्तर कोणत्या विचाराने दिले जाते, यावर त्या घरातील मूल पुढे ग्राहक होणार की विवेकी माणूस, हे पुष्कळ अंशी ठरते. म्हणून या बाहुलीचा समाचार हसण्यावारी न नेता नीट घ्यायला हवा.

भूत कोठे आहे?

प्रथम एक गैरसमज बाजूला सारणे आवश्यक आहे. ही बाहुली म्हणजे 'पाझुझू' नावाचे प्राचीन मेसोपोटेमियातील पिशाच्च असून ती घरात आणल्यास बाधा होते, अशी आवई २०२५ मध्ये भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पसरली. काही घरांतून बाहुल्या जाळल्याची चित्रणेही फिरली. धर्माभिमानी म्हणवणाऱ्या अनेकांनी हे संदेश मोठ्या उत्साहाने पुढे ढकलले.

वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि बालपण नेदरलँड्समध्ये गेलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ साली 'द मॉन्स्टर्स' या चित्रकथांसाठी हे पात्र रेखाटले. उत्तर युरोपातील लोककथांमधील वनवासी चेटकी जीव ही त्यामागची प्रेरणा. पाझुझूशी त्याचा काहीही संबंध नाही. ज्या संस्कृतीने चराचरात चैतन्य पाहिले आणि वेताळालासुद्धा विक्रमाच्या खांद्यावर बसवून गोष्टी सांगायला लावले, त्या संस्कृतीच्या वारसांनी नऊ दातांच्या कापडी बाहुलीला घाबरावे, याहून मोठी विडंबना कोणती? अशा भाकडकथांनी विरोध हास्यास्पद होतो आणि खरा आक्षेप ऐकूनच घेतला जात नाही. मुलेही हुशार असतात. पालकांनी भुताचे कारण सांगितले आणि ते खोटे निघाले, तर पुढे पालकांनी दिलेल्या खऱ्या कारणांवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

या खेळण्यात भूत असलेच, तर ते बाहुलीत नाही. ते बाहुलीच्या खोक्यात आहे.

खोक्याचे गणित

लबूबू विकणारी 'पॉप मार्ट' ही चिनी कंपनी २०१० साली बीजिंगमध्ये सुरू झाली. २०१९ पासून तिने या पात्राची खेळणी काढली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये 'ब्लॅकपिंक' या कोरियन गायनवृंदातील लिसा हिने ती मिरवल्यावर मागणीचा भडका उडाला. परंतु कंपनीचे खरे भांडवल बाहुलीपेक्षा तिच्या विक्रीची रीत आहे. बाहुली बंद, अपारदर्शक खोक्यात मिळते. आत कोणती आहे, हे पैसे मोजून खोके फोडल्याशिवाय कळत नाही. एका मालिकेत सहा नेहमीच्या बाहुल्या आणि एक 'गुप्त' बाहुली असते. लोकप्रिय मालिकांमध्ये ती गुप्त बाहुली ७२ खोक्यांमागे एक, या प्रमाणात ठेवलेली असते.

शाळेतील संभाव्यतेचे गणित येथे उपयोगी पडते. सहाही बाहुल्या समप्रमाणात आहेत असे धरले आणि एकेक सुटे खोके घेत गेले, तर सहांचा संच पूर्ण होण्यास सरासरी सुमारे १५ खोकी लागतात. म्हणजे सहा हव्या असलेल्या मुलाच्या घरी नऊ दुबार येतात. चीनमध्ये या बाहुलीच्या गाजलेल्या मालिकेचे एक खोके ९९ युआनला, म्हणजे ढोबळमानाने १,२०० रुपयांना विकले गेले. तोच भाव धरला, तरी सहांच्या संचाचा खर्च १८ हजार रुपयांच्या घरात जातो. गुप्त बाहुलीची कथा तर याहून करुण आहे. कोणी ७२ खोकी घेतली, म्हणजे ८६ हजारांहून अधिक रुपये ओतले, तरी ती मिळेलच असे नाही. गणित असे सांगते की, ७२ खोकी फोडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३६ जण रिकाम्या हाताने परततात.

याला खेळणे म्हणायचे की सोडत?

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात उंदीर आणि कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कळ दाबल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळाला, तर प्राणी गरजेपुतीच कळ दाबतो. दाणा कधी मिळेल आणि कधी मिळणार नाही, याचा नेम नसेल, तर तो दाबतच राहतो. जुगारघरातील यंत्रे याच तत्त्वावर चालतात आणि बंद खोकेही त्याच तत्त्वावर विकले जाते. मुलाला हवीहवीशी वाटते ती बाहुली नसते. खोके फोडण्याच्या क्षणीची धडधड असते. म्हणूनच बाहुली हाती आल्यावर दोन दिवसांत तिच्यातले मन उडते आणि पुढच्या खोक्याची मागणी सुरू होते.

याचा बचाव करणारे म्हणतात की, हा जुगार नव्हे, कारण प्रत्येक खोक्यात काहीतरी वस्तू निघतेच. कायद्याच्या काटेकोर भाषेत ते बरोबर असेल. पण मुलाच्या मनाला कायद्याची कलमे कळत नाहीत. त्याला 'हवे ते निघाले' आणि 'हवे ते निघाले नाही', एवढेच कळते. २०१८ साली बेल्जियममधील जुगार नियामकाने संगणकीय खेळांतील अशाच काही 'लूट बॉक्स'ना जुगार ठरवले. भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि मध्यमवर्गाने त्याचे मनापासून स्वागत केले. तोच मध्यमवर्ग वाढदिवसाला आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाती सोडतीचे खोके देतो, तेव्हा ही विसंगती कोणालाच खटकत नाही.

सर्वात बोलकी गोष्ट पुढेच आहे. ज्या देशात हा माल तयार होतो, त्या चीनने २०२३ साली बंद खोक्यांच्या विक्रीसाठी मार्गदर्शक नियम काढले. आठ वर्षांखालील मुलांना अशी खोकी विकू नयेत आणि त्यापुढील अल्पवयीनांना विकताना पालकांची संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. जून २०२५ मध्ये तेथील सत्ताधारी पक्षाच्या मुखपत्राने या नियमांची अंमलबजावणी कडक करण्याची मागणीही केली. स्वतःच्या मुलांपासून जे दूर ठेवायचे, ते जगाच्या मुलांना विकायचे, हा व्यापार झाला. पण ते डोळे मिटून विकत घ्यायचे, याला काय म्हणावे?

खेळण्याची कसोटी

कंपनीच्या खोक्यांवर '१५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी' अशी सूचना छापलेली असते. म्हणजे विकणाऱ्याच्या मते हे लहान मुलांचे खेळणे नाहीच, ती संग्राह्य शोभेची वस्तू आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. ही सक्ती १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. वयाची एक ओळ छापली की वस्तू 'खेळणे' या व्याख्येबाहेर पडू पाहते. तिच्या नकला तर कोणत्याच कसोटीला उतरत नाहीत. 'लफुफू' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या या नकली बाहुल्यांचे भाग सहज सुटतात आणि लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, असा इशारा ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने दिला होता. रस्त्यावर दोनशे-तीनशे रुपयांत 'तीच' बाहुली घेऊन देणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

पण सुरक्षिततेच्या पलीकडे एक मूलभूत प्रश्न उरतो. या बाहुलीशी मूल करते काय? ती अडकवायची, दाखवायची, तिचे छायाचित्र काढायचे आणि दुसऱ्याकडे कोणती आहे ते पाहायचे. यात खेळ कोठे आहे? खेळणे म्हणजे ज्याच्यावर मुलाचा हात आणि कल्पना चालते ती वस्तू. भातुकलीतील इवलीशी चूल पेटत नाही. ती पेटल्याची कल्पना मुलीला करावी लागते. भोवऱ्याला जाळी नीट गुंडाळली नाही, तर तो फिरत नाही; हात शिकतो. दिवाळीतील किल्ला तर याचा आदर्शच आहे. दगड, विटा, पोती आणि माती गोळा करायची, बुरूज लिंपायचे, अळीव पेरून रान उगवायचे, कुंभाराकडून आणलेले मावळे जागोजागी उभे करायचे आणि सिंहासनावर शिवछत्रपतींना बसवायचे. चार दिवस हात चिखलात, गल्लीतील दहा मुले एकत्र, भांडणे आणि दिलजमाईही तेथेच. खर्च किती? एका बंद खोक्याच्या निम्माही नाही.

ज्या खेळण्यात मूल काही करते, ते मुलाला वाढवते. ज्या खेळण्यात मूल फक्त बाळगते, ते मुलाच्या मालकीहक्काला वाढवते. कोणत्याही नव्या टूमीच्या खेळण्याला हीच कसोटी लावावी. मग ते चिनी असो, अमेरिकन असो वा भारतीय.

स्वदेशीचा सोपा आणि अवघड अर्थ

येथे स्वदेशीचा मुद्दा येणे अपरिहार्य आहे आणि त्याचा सोपा अर्थ घेण्याचा मोह आवरणेही तितकेच आवश्यक आहे. खेळण्यांच्या क्षेत्रात भारताने गेल्या दशकात केलेली वाटचाल अभिमानास्पद आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के करण्यात आले आणि २०२३ साली ते ७० टक्के झाले. गुणवत्तेची सक्ती आली. शासकीय आकडेवारीनुसार २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. हे घोषणेने झालेले नाही; ते धोरणाने आणि उद्योजकांच्या कष्टाने झाले आहे.

परंतु एखाद्या देशी कारखान्याने उद्या अशीच दात विचकणारी बाहुली अशाच बंद खोक्यात घालून विकली, तर ती घ्यावी काय? स्वदेशीचा अर्थ केवळ 'कोठे बनले' एवढाच असेल, तर उत्तर होकारार्थी येईल. पण स्वदेशी म्हणजे गरजा कोणी ठरवायच्या, हा प्रश्न आहे. घराच्या गरजा घराने ठरवायच्या की बाजाराने? चंगळवाद देशी झाला म्हणून तो संस्कार ठरत नाही. गलवाननंतर चिनी मालावर बहिष्काराच्या आणाभाका घेणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी पाच वर्षांत ही बाहुली आली, याचे कारण हेच आहे. बहिष्कार वस्तूवर घातला गेला. वस्तूमागच्या हव्यासावर तो घातलाच गेला नाही.

या हव्यासाचा लाभ कोणाला होतो, तेही पाहावे. पॉप मार्टने २०२५ च्या पहिल्या सहामाहीत सुमारे १३.९ अब्ज युआनची विक्री केली आणि त्यातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा लबूबूच्या कुटुंबाचा होता. त्या काळातील तिचा ढोबळ नफा विक्रीच्या ७० टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे ग्राहकाने दिलेल्या १०० रुपयांपैकी मालाचा खर्च सुमारे ३० रुपये. उरलेले ७० कशाचे? बरेचसे उत्सुकतेचे आणि ईर्ष्येचे.

'गुंतवणूक' नावाचे मधाचे बोट

काही सुशिक्षित पालक आणखी एक समर्थन देतात : दुर्मीळ बाहुलीचा भाव वाढतो, ती गुंतवणूक आहे. १० जून २०२५ रोजी बीजिंगमधील लिलावात माणसाएवढी एक लबूबू १०.८ लाख युआनला, म्हणजे सुमारे सव्वा कोटी रुपयांना गेली, हा दाखला त्यांच्या ओठांवर असतो. पण पुढे कंपनीने उत्पादन वाढवताच त्याच वर्षी पुनर्विक्रीचे भाव घसरले, हा दाखला मात्र कोणी देत नाही.

अमेरिकेने हा धडा पूर्वीच गिरवला आहे. १९९० च्या दशकात तेथे 'बीनी बेबीज' या कापडी प्राण्यांनी असेच वेड लावले होते. १९९९ साली लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणाऱ्या एका दाम्पत्याने जमिनीवर बसून त्या बाहुल्यांची एकेक करून वाटणी केली. काही काळातच तो फुगा फुटला आणि मौल्यवान म्हणून जपलेली ती 'संपत्ती' माळ्यावरच्या खोक्यांत पडून राहिली. मुलाला गुंतवणूक शिकवायचीच असेल, तर त्याच्या नावे टपाल कार्यालयात खाते उघडावे आणि पासबुक त्याच्या हाती द्यावे.

मातीची गाडी आणि सोन्याची गाडी

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. वर्गातील सर्वांकडे जे आहे, ते आपल्याच मुलाकडे नसेल, तर ते एकटे पडणार नाही काय? त्याच्या डोळ्यांतील पाणी कोणी पुसायचे?

हे दुःख आजचे नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाला नावच मुळी त्या दुःखावरून पडले आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी ते संगीत नाटक म्हणून मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे महाराष्ट्राला ते परके नाही. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठी रडतो. दासी त्याला मातीची गाडी करून देते, पण ती त्याला नको असते. वसंतसेनेला त्याची दया येते. ती अंगावरचे दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी कर, असे सांगते. तिच्या मनात निव्वळ माया होती. पण पुढे तेच दागिने न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात आणि त्याला वधस्तंभापर्यंत नेतात.

मुलाचे रडे तत्काळ थांबवणारे सोने पुढे काय घेऊन येते, याचे याहून मार्मिक चित्र क्वचितच सापडेल. वसंतसेनेच्या मायेत खोट नव्हती. आजच्या पालकांच्या मायेतही नाही. दिवसभर नोकरीवर असणारे आईवडील वेळेची भरपाई वस्तूने करू पाहतात, हे समजण्यासारखे आहे. पण एकटेपण वस्तूने जात नाही, ते माणसांनी जाते. लबूबू घेऊन दिली, तर पुढच्या वर्षी दुसरे काही येईल आणि मूल पुन्हा एकटे पडेल. आपली किंमत दप्तरावर काय लटकते यावरून ठरत नाही, हे मुलाला एकदा उमगले, तर ते आयुष्यभर पुरते.

हे उमगण्यासाठी मोठ्यांचे वागणे निर्मळ हवे. वडिलांना दर वर्षी नवा भ्रमणध्वनी हवा, आईला प्रत्येक समारंभाला नवी साडी हवी आणि मुलाला मात्र संयमाचे प्रवचन, हे चालणार नाही. मुले ऐकत नाहीत, पाहतात. बाहुलीला नकार देण्याचा अधिकार आधी स्वतःच्या खरेदीला नकार देऊन मिळवावा लागतो.

नकारानंतर काय?

नुसता नकार हा संस्कार नसतो. 'नाही' म्हटल्यावर मुलाच्या रिकाम्या हाती काय द्यायचे, याचे उत्तर पालकांपाशी हवे. सुदैवाने महाराष्ट्रात त्याची वाण नाही. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांची लाकडी फळे, भातुकली आणि खेळणी आजही मिळतात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा महागड्या विदेशी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांतून बालवाडी उभी केली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने तेच काम वनवासी पाड्यांपर्यंत गेले. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि टाकाऊ बाटल्या यांतून शेकडो वैज्ञानिक खेळणी घडवली. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हजारो मुलांनी ती स्वतःच्या हाताने केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा खेळण्यात गुप्त काही नसते. ते कसे चालते हे मुलाला आरपार दिसते. बंद खोक्याला याहून समर्पक उत्तर नाही.

तेव्हा घरात मागणी आली, तर तिला धुडकावून लावू नये. मुलाला कागद-पेन्सिल घेऊन जवळ बसवावे आणि १५ खोक्यांचे गणित त्याच्याकडूनच करून घ्यावे. पाचवी-सहावीतील मुलाला ते फाशांनीही समजते. सहाही अंक पडेपर्यंत फासा किती वेळा टाकावा लागतो, ते त्याने मोजावे. बाजार आपल्याला कसे खेळवतो, हे ज्याला दहाव्या वर्षी कळले, त्याला विसाव्या वर्षी सट्ट्याचे अॅप आणि तिसाव्या वर्षी झटपट श्रीमंतीची योजना सहज फसवू शकत नाही. आणि बाहुली आधीच घरी आली असेल, तर ती जाळण्याची किंवा मुलाला लाजवण्याची गरज नाही. ती दप्तरावरून काढून भातुकलीत पाहुणी म्हणून बसवावी. एक खोके फोडून झाले. दुसरे फोडायचे नाही, एवढा नियम पुरेसा आहे.

लबूबूची लाट ओसरेल, जशी टॅझोची आणि स्पिनरची ओसरली. नंतर नवे नाव, नवे रूप आणि नवे खोके येईल, कारण विकणाऱ्याला एका बाहुलीत रस नसून सतत मागणाऱ्या पिढीत रस आहे. त्या पिढीत आपले मूल असावे की नसावे, हा निर्णय दुकानाच्या गल्ल्यापाशी उभे राहून होत नाही. तो घरातच, शांतपणे आणि वेळेआधी करावा लागतो.